फुप्फुसातील गुठळी आणि कॅथेटर : एक रात्र थांबणे चुकले का?

इंदूरच्या सुदामानगरातील एका वाचकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या ६४ वर्षांच्या आई न्हाणीघरात पडल्या, खुब्याचे हाड मोडले आणि शस्त्रक्रिया झाली. बाराव्या दिवशी शौचाला जाताना त्यांना घेरी आली, क्षणभर शुद्ध हरपली आणि त्यानंतर दम लागू लागला. सीटी पल्मनरी अँजिओग्राफीत, म्हणजे फुप्फुसाच्या धमन्यांच्या सीटी तपासणीत, दोन्ही फुप्फुसांच्या मुख्य धमन्यांत रक्ताच्या गुठळ्या दिसल्या. त्या वेळी रक्तदाब ११२/७० होता, नाडी मिनिटाला ११८, बाहेरून ऑक्सिजन न देता मोजलेले प्रमाण ८८ टक्के, ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारे प्रथिन) वाढलेले आणि इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, हृदयाचा उजवा भाग फुगलेला. रुग्णालयाने हिपॅरिन हे रक्त पातळ करणारे इंजेक्शन सुरू करून त्यांना रात्रभर आयसीयूमध्ये ठेवले. सकाळी नाडी १३२ वर गेली, वरचा रक्तदाब ९४ वर उतरला आणि तेव्हा कॅथ लॅबमध्ये नेऊन कॅथेटरने, म्हणजे शिरेतून आत सरकवलेल्या नळीने, गुठळ्या ओढून काढल्या. आता त्या घरी आहेत आणि वॉकर धरून हिंडतात. पुण्याच्या भावाचे म्हणणे मात्र असे की, कॅथेटर पहिल्याच संध्याकाळी घालायला हवे होते, डॉक्टरांनी एक रात्र वाया घालवली. वाचकांना विचारायचे आहे की, हे खरे आहे का. हार्ट अटॅकमध्ये देतात तसे गुठळी विरघळवणारे इंजेक्शन का दिले नाही. अहवालात खालच्या शाखांमध्ये शिल्लक दिसणाऱ्या गुठळ्या पुन्हा काढाव्या लागतील का. गोळ्या किती दिवस घ्यायच्या. आणि पुढच्या महिन्यात मुंजीसाठी आईंना रात्रीच्या बसने पुण्याला नेता येईल का.

मी त्यांचे कागद पाहिलेले नाहीत. आपण लिहिले तेवढ्यावरून उत्तर देतो आहे. माझ्या मते ती रात्र वाया गेली असे सरसकट म्हणता येत नाही. मात्र त्या रात्रीत काय काय तपासले गेले आणि कॅथ लॅबच्या चमूला आधीच सांगून ठेवले होते का, या दोन गोष्टींवर हे मत अवलंबून आहे. ते का, हे समजण्यासाठी आधी या आजारात माणूस नेमका कशाने दगावतो ते पाहायला हवे.

फुप्फुसात सापडलेली गुठळी सहसा फुप्फुसात तयार झालेली नसते. ती पायाच्या किंवा ओटीपोटाच्या खोल शिरेत धरते, तिथून सुटते, पोटातल्या मोठ्या शिरेतून हृदयाच्या उजव्या बाजूला येते आणि पुढे फुप्फुसाच्या धमनीत अडकते. रक्त एका जागी संथ होणे, शिरेच्या आतल्या अस्तराला इजा होणे आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढणे ही तीन कारणे जर्मन वैद्य फिरखो यांच्या नावाने ओळखली जातात, आणि खुब्याच्या अस्थिभंगानंतर ती तिन्ही एकदमच हजर असतात. हृदयाचा उजवा खालचा कप्पा पातळ भिंतीचा असतो, कारण त्याला एरवी फार जोर लावावा लागत नाही: फुप्फुसाच्या धमनीतील सरासरी दाब २० मिलिमीटरच्या आत असतो, तर डाव्या बाजूला तोच ९० च्या आसपास असतो. फुप्फुसातील धमन्यांच्या एकूण छेदापैकी साधारण ३० ते ५० टक्के वाट बंद झाली की हा दाब चढू लागतो. आजवर निरोगी असलेला उजवा कप्पा अशा वेळी अचानक ४० च्या पलीकडे सरासरी दाब निर्माण करूच शकत नाही. तो फुगतो, दोन कप्प्यांमधला पडदा डावीकडे सरकवतो, त्यामुळे डाव्या कप्प्यात रक्त कमी भरते, शरीराला पुरवठा कमी होतो आणि शेवटी रक्तदाब उतरतो. रक्तदाब उतरला की उजव्या कप्प्याच्या स्नायूलाच रक्त कमी मिळते आणि तो आणखी ढिला पडतो. हे चक्र एकदा सुरू झाले की काही मिनिटांत सारे संपू शकते.

म्हणून सीटीच्या चित्रात गुठळी केवढी दिसते, यावर उपचार ठरत नाही. मुख्य धमनीच्या दुभाजकावर आडवी पडलेली भलीमोठी गुठळी घेऊन बोलत-चालत आलेले तरुण रुग्ण आम्ही पाहतो, आणि जुन्या दम्याच्या किंवा हृदयविकाराच्या रुग्णाला त्याहून पुष्कळ लहान गुठळीने कोसळताना पाहतो. निर्णय उजव्या कप्प्याची अवस्था, ती कोणत्या दिशेने चालली आहे आणि रक्तस्रावाचा धोका किती आहे, यांवर होतो. नातेवाईकांना सीटीचे चित्र दाखवणे सोपे असते, त्यामुळे सगळ्यांचे लक्ष गुठळीच्या लांबी-रुंदीकडे जाते. पुण्याच्या भावांनाही बहुधा मोबाइलवर तेवढेच चित्र मिळाले असावे.

युरोपीय हृदयरोग संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार ज्यांचा वरचा रक्तदाब ९० च्या खाली गेला आहे, किंवा १५ मिनिटांहून अधिक काळ नेहमीपेक्षा ४० ने खाली राहिला आहे, किंवा ज्यांना तो टिकवण्यासाठी औषध द्यावे लागते आहे, ते रुग्ण सर्वाधिक धोक्याच्या गटात येतात. रक्तदाब ठीक आहे, पण इकोत वा सीटीत उजवा कप्पा ताणलेला आहे आणि ट्रोपोनिनही वाढले आहे, ते मध्यम धोक्याच्या वरच्या पायरीवर धरले जातात. आपल्या आई दाखल झाल्या तेव्हा या दुसऱ्या गटात होत्या. उपचारांबद्दलचे बहुतेक सगळे वाद याच गटाभोवती फिरतात, कारण वरच्या गटात काही ना काही करावेच लागते आणि खालच्या गटात रक्त पातळ करणारे इंजेक्शन किंवा गोळ्या पुरतात.

या मधल्या गटाचा सर्वांत महत्त्वाचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. पाइथो या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या अभ्यासात एक हजाराहून थोडे अधिक रुग्ण होते. निम्म्यांना नुसते हिपॅरिन दिले आणि निम्म्यांना त्याबरोबर टेनेक्टेप्लेज हे गुठळी विरघळवणारे औषध. सात दिवसांत मृत्यू किंवा रक्ताभिसरण कोसळणे यांपैकी काही घडलेल्यांचे प्रमाण नुसत्या हिपॅरिनच्या गटात ५.६ टक्के, तर औषध दिलेल्या गटात २.६ टक्के होते. म्हणजे औषधाचा फायदा खरा होता. पण त्याच औषधाच्या गटात पक्षाघाताचे प्रमाण २.४ टक्के निघाले, दुसऱ्या गटात ते ०.२ टक्के होते, आणि त्या पक्षाघातांपैकी बहुतेक मेंदूतील रक्तस्रावाचे होते. नुसते मृत्यू मोजले तर दोन्ही गटांत ठळक फरक दिसला नाही.

भावांच्या आक्षेपाचे अर्धे उत्तर इथेच आहे. इकोत आणि रक्तात दोन्हीकडे धोक्याची खूण असलेल्या शंभर रुग्णांपैकी चौऱ्याण्णवांहून अधिक जण नुसत्या हिपॅरिनवर त्या पहिल्या आठवड्यात कोसळले नाहीत. प्रत्येकाला पहिल्याच संध्याकाळी कॅथेटर घातले असते तर बहुसंख्यांना विनाकारण एका मोठ्या प्रक्रियेतून जावे लागले असते. जे कोसळले, ते बहुतांशी पहिल्या दोन-तीन दिवसांतच. त्यामुळे हिपॅरिनवर ठेवून डोळ्यांत तेल घालून पाहणे हा उपचाराचाच एक मान्य मार्ग आहे. अट एवढीच की ते पाहणे खरोखर झाले पाहिजे.

उरलेले अर्धे उत्तर आपल्या आईंच्या आकड्यांमध्ये आहे, आणि तिथे भावांच्या बाजूनेही काही बोलता येते. दाखल होताना नाडी ११८ आणि वरचा रक्तदाब ११२ होता. नाडीचा आकडा वरच्या रक्तदाबाच्या आकड्यापेक्षा मोठा झाला की मी सावध होतो, कारण हृदय दर ठोक्याला कमी रक्त बाहेर टाकते आहे आणि ठोके वाढवून ती तूट भरून काढते आहे असा त्याचा अर्थ असतो. "बीपी नॉर्मल आहे" हे वाक्य या आजारात फार फसवे आहे. कॅथेटर उपचारासाठी आणलेल्या, रक्तदाब ठीक असलेल्या रुग्णांच्या एका नोंदणीत हृदयाचा प्रत्यक्ष पुरवठा मोजला, तेव्हा सुमारे एक तृतीयांश रुग्णांत तो धोक्याच्या पातळीखाली आढळला होता. त्यात शुद्ध हरपल्याचा इतिहास आणि मुख्य धमन्यांतील गुठळ्या जोडल्या, तर अशा रुग्णाबाबत मी त्याच संध्याकाळी कॅथ लॅबच्या चमूला कळवून ठेवतो, मांडी आणि पोटरीच्या शिरांची सोनोग्राफी करून घेतो, रक्तगट तपासून रक्ताची व्यवस्था करतो आणि नातेवाइकांची संमतीही समजावून घेऊन ठेवतो. प्रत्यक्ष प्रक्रिया मात्र तेवढ्यावरून सुरू करीनच असे नाही.

आपण रुग्णालयाकडून त्या रात्रीचा नर्सिंग चार्ट मागून पाहावा. नाडी, श्वसनाचा वेग, रक्तदाब आणि ऑक्सिजनची गरज दर तासाला नोंदलेली आहे का, रक्तातील लॅक्टेट (शरीराला रक्तपुरवठा कमी पडला की वाढणारा घटक) एकापेक्षा अधिक वेळा तपासले का, लघवीचे प्रमाण मोजले का, रात्री पुन्हा इको झाला का आणि हिपॅरिनची मात्रा रक्ततपासणीनुसार बदलली का, हे त्यात दिसेल. हे सर्व असेल तर ती रात्र उपचारात गेली. सहा-सहा तासांनी नुसता रक्तदाब लिहिलेला असेल, तर भावांच्या तक्रारीत तथ्य आहे असे मी म्हणेन. एक गोष्ट मात्र डॉक्टरांच्या बाजूने आताच नोंदवतो: सकाळी रक्तदाब ९४ होता, म्हणजे व्याख्येनुसार आई अजूनही सर्वाधिक धोक्याच्या गटात गेलेल्या नव्हत्या, तरी त्यांनी ९० च्या खाली जाण्याची वाट पाहिली नाही. आकडा ओलांडण्याआधी कल ओळखणे हेच या कामातले कौशल्य आहे.

आता इंजेक्शनाविषयी. हार्ट अटॅकमध्ये वापरतात तीच औषधे इथेही वापरली जातात: अल्टेप्लेज दोन तासांत १०० मिलिग्रॅम, किंवा वजनानुसार एकदाच टोचायचे टेनेक्टेप्लेज, किंवा जुने आणि स्वस्त स्ट्रेप्टोकायनेज. रक्तदाब कोसळलेल्या रुग्णाला, रक्तस्रावाचा विशेष धोका नसेल तर, हाच पहिला उपचार आहे आणि तो कॅथ लॅबची वाट न पाहता खाटेशीच देता येतो. परंतु हे औषध सगळ्या शरीरात फिरते आणि जिथे म्हणून ताजी जखम बुजत आली आहे तिथली गुठळीही विरघळवते. मागील तीन आठवड्यांत मोठी शस्त्रक्रिया झालेल्यांना ते देऊ नये असा संकेत आहे, आणि आपल्या आईंच्या खुब्याला बारा दिवसच झाले होते. हृदय थांबलेच असते तर हा संकेत बाजूला ठेवून औषध टोचले गेले असते. त्याआधी ते देणे म्हणजे खुब्यात आणि मांडीत लिटरभर रक्त साठण्याचा धोका पत्करणे होते. आपल्या आईंच्या बाबतीत कॅथेटरची बाजू खरी भक्कम होते ती याच मुद्द्यावर.

कॅथेटरच्या उपचारात दोन वेगळ्या रीती आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. पहिलीत बाजूने छिद्रे असलेली बारीक नळी थेट गुठळीत रोवून ठेवतात आणि तिच्यातून विरघळवणारे औषध कित्येक तास थेंबाथेंबाने सोडतात. अल्टेप्लेजची एकूण मात्रा साधारणपणे ८ ते २४ मिलिग्रॅम, म्हणजे शिरेतून द्यावयाच्या मात्रेच्या चौथ्या हिश्श्यापेक्षाही कमी. काही नळ्यांमध्ये औषध गुठळीत खोलवर शिरावे म्हणून अल्ट्रासाउंडच्या लहरी सोडण्याची सोय असते. मात्रा कमी असली तरी औषध तेच आहे, त्यामुळे ताज्या शस्त्रक्रियेनंतर हीदेखील निर्धोक नव्हे. दुसऱ्या रीतीत विरघळवणारे औषध अजिबात न वापरता रुंद नळीने गुठळी ओढून घेतात. आपल्या आईंसाठी ही दुसरी निवडली गेली आणि ती निवड योग्य होती.

ही कल्पना नवी नाही. लाइपझिगचे सर्जन ट्रेंडेलेनबुर्ग यांनी १९०८ मध्ये छाती उघडून फुप्फुसाच्या धमनीतून गुठळी काढण्याची शस्त्रक्रिया मांडली, पण त्यांचे रुग्ण वाचले नाहीत. यश आले ते त्यांचे शिष्य किर्शनर यांना, १९२४ मध्ये. छाती न उघडता शिरेतून नळी नेऊन गुठळी ओढण्याचा प्रयत्न १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी सर्जन लाझार ग्रीनफिल्ड यांनी सुरू केला. त्यानंतर बराच काळ आमच्याकडे साध्या वळणदार पिगटेल कॅथेटरने गुठळी घुसळून तिचे तुकडे करण्याचीच रीत होती. नाइलाज असेल तर ती आजही वापरली जाते, पण सुटलेले तुकडे पुढच्या शाखांत जाऊन बसतात, त्यामुळे मला ती फारशी भरवशाची वाटत नाही.

प्रत्यक्षात काय करतात ते सविस्तर सांगतो, कारण "हृदयातून नळी घातली" एवढेच ऐकून घरचे घाबरतात. रुग्णाला बहुतेक वेळा जागेच ठेवतात. यामागे पक्के कारण आहे: पूर्ण भूल देऊन व्हेंटिलेटर लावला की छातीतला दाब वाढतो, भुलेच्या औषधांनी रक्तवाहिन्या सैलावतात आणि कसाबसा तग धरलेला उजवा कप्पा त्या क्षणी कोसळू शकतो. त्याच कारणासाठी रक्तदाब उतरला म्हणून सलाइनच्या बाटल्यांमागून बाटल्या चढवणेही घातक ठरते. आधीच फुगलेला कप्पा त्याने आणखी ताणला जातो. जांघेतील जागा बधिर करून, सोनोग्राफीने पाहत शिरेत सुई घालतात. शिरेतच गुठळी लोंबकळत असेल तर मानेकडून जातात. मग पिगटेल कॅथेटर उजव्या वरच्या कप्प्यातून झडप ओलांडून फुप्फुसाच्या धमनीत नेतात. इथे वळणदार टोकाची नळीच घ्यायची असते, कारण सरळ टोक झडपेच्या दोऱ्यांमधून निसटून गेले आणि त्याच वाटेने मागून रुंद नळी घातली, तर दोऱ्या तुटून झडप निकामी होऊ शकते. धमनीत पोहोचल्यावर आधी दाब मोजतात आणि मगच थोडे काँट्रास्ट (क्ष-किरणांत उठून दिसणारे द्रव्य) सोडून चित्र घेतात.

त्यानंतर ताठ तार ठेवून तिच्यावरून ओढणारे कॅथेटर चढवतात. उपकरणानुसार त्याची जाडी १६ ते २४ फ्रेंच असते; २४ फ्रेंच म्हणजे ८ मिलिमीटर. टोक गुठळीला भिडले की पंपाने किंवा मोठ्या सिरिंजने जोरात ओढतात. कधी पहिल्या दोन-तीन ओढींत नुसते रक्तच येते, आणि अशक्त, वयस्क रुग्णात ते वाया गेलेले रक्तही मोजावे लागते. म्हणून आता ते गाळून परत देण्याची सोय असलेली साधनेही आहेत. गुठळी बाहेर आली की ती गाळणीवर पसरून पाहतात. पायातून आलेली गुठळी बोटभर लांब, गडद तांबडी असते आणि कित्येकदा तिच्यावर शिरेच्या झडपांचे ठसे स्पष्ट उमटलेले असतात. जाळीवर ती उलगडली की ती कुठल्या शिरेत धरली होती याचा अंदाज बांधता येतो. त्याच वेळी मॉनिटरवर १३० ची नाडी काही मिनिटांत ११० वर येते, ऑक्सिजनचा आकडा चढतो आणि तोवर मान हलवूनच उत्तर देणारा रुग्ण आपणहून पाणी मागतो.

इथेच थांबायचे असते. दाब उतरला, नाडी खाली आली आणि रक्तदाब सावरला की उद्देश साधला. चित्र पूर्ण स्वच्छ दिसेपर्यंत ओढत राहण्याचा मोह तरुण सहकाऱ्यांना आवरावा लागतो, कारण बारीक शाखांमध्ये जाड उपकरण ढकलले तर धमनी फाटून फुप्फुसात रक्तस्राव होऊ शकतो, आणि तो आवरणे फार अवघड असते. हृदयाच्या आवरणात रक्त साठणे, ठोक्यांची लय बिघडणे, जांघेत रक्ताची गाठ होणे हे इतर धोके आहेत. सरावलेल्या हातांत ते विरळ असतात, पण संमतीपत्रावर सही करण्याआधी ते समजून घ्यावेत. जांघेतली शीर एका आठच्या आकड्यासारख्या टाक्याने बंद करतात. आपल्या आईंचा तो टाका दुसऱ्या दिवशी काढला असेल.

या उपचाराने काय सिद्ध झाले आहे तेही नीट सांगायला हवे. औषध थेंबाथेंबाने सोडण्याच्या रीतीचा, ५९ रुग्णांचा उल्टिमा हा अभ्यास २०१४ मध्ये आला. उजव्या कप्प्याचा फुगवटा २४ तासांत नुसत्या हिपॅरिनपेक्षा लवकर उतरतो, हे त्यात दिसले. ओढून काढण्याच्या रीतीच्या सुरुवातीच्या अभ्यासांत तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता. २०२४ च्या पीअरलेस या ५५० रुग्णांच्या अभ्यासात दोन्ही कॅथेटर रीतींची आपसांत तुलना झाली. ओढून काढलेल्यांची प्रकृती नंतर बिघडण्याचे प्रमाण आणि आयसीयूचा वापर कमी होता, मृत्यूंत मात्र फरक नव्हता. म्हणजे हृदय लवकर सावरते हे या अभ्यासांनी दाखवले. पण जीव अधिक वाचतात हे ठरवण्याइतके ते मोठे नव्हते. रक्तदाब ठीक असलेल्या प्रत्येकाला कॅथेटर घालण्याच्या मी विरोधात आहे तो यामुळेच. आणि हिपॅरिनवर असताना बिघडणाऱ्या, विरघळवणारे इंजेक्शन देता न येणाऱ्या रुग्णाला ते नाकारण्याच्याही तितकाच विरोधात आहे.

आपल्या प्रश्नात नसलेली, पण माळवा-निमाडातल्या वाचकांना उपयोगी पडेल अशी एक गोष्ट इथेच सांगतो. खरगोन, बडवानी, बुऱ्हाणपूर, झाबुआ इथून रुग्ण इंदूरला येईपर्यंत तीन-चार तास सहज जातात, आणि कित्येकदा त्या प्रवासात त्याला रक्त पातळ करणारे एकही इंजेक्शन मिळालेले नसते. शंका दाट असेल आणि रक्तस्राव चालू नसेल, तर सीटीची वाट न पाहता हिपॅरिनची पहिली मात्रा तिथेच द्यावी आणि मगच ॲम्ब्युलन्स हलवावी. ते इंजेक्शन तालुक्याच्या गावीही मिळते आणि पुढच्या लाखांच्या उपचारांइतकेच मोलाचे असते. लाखांचा उल्लेख आला म्हणून सांगतो, ओढून काढण्याच्या उपकरणाची किंमतच काही लाखांत जाते. आयुष्मान कार्ड असेल तर कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे संरक्षण आहे, परंतु त्यात हे उपकरण बसते का हे रुग्णालयातील आयुष्मान मित्राकडून दाखल होतानाच लेखी विचारून घ्यावे. खाजगी विमा असेल तर पूर्वमंजुरीचा अर्ज संध्याकाळीच करून ठेवावा, म्हणजे पहाटे धावपळ होत नाही.

शिल्लक गुठळ्यांची काळजी करू नये. हिपॅरिन आणि त्यानंतरच्या गोळ्या जुनी गुठळी विरघळवत नाहीत, त्या नवी धरू देत नाहीत. जुनी विरघळवण्याचे काम शरीर स्वतः काही आठवड्यांत करते. खालच्या शाखांतल्या गुठळ्यांसाठी आता पुन्हा कॅथेटर घालण्याचे काहीच कारण नाही. पोटातील शिरेत जाळी बसवण्याबद्दलही आपल्याला कोणी सुचवले असेल. रक्त पातळ करणारे औषध देताच येत नसेल तेव्हाच तिचा विचार करतात. मात्र तीन महिन्यांनी आईंना जिना चढताना पूर्वीपेक्षा अधिक दम लागत असेल, पाय सुजत असतील किंवा पुन्हा घेरी येत असेल, तर इको आणि फुप्फुसाचा व्हीक्यू स्कॅन (फुप्फुसात हवा आणि रक्त कुठे पोहोचते ते दाखवणारी तपासणी) करून घ्यावा. शंभरातील दोन-चार रुग्णांत गुठळी विरघळण्याऐवजी धमनीच्या भिंतीला कायमची चिकटते आणि दाब चढा राहतो. त्यावर शस्त्रक्रिया आणि फुग्याने धमनी रुंदावण्याचे उपचार आहेत, पण ते देशातील मोजक्याच केंद्रांत होतात, म्हणून निदान उशिरा होऊ देऊ नये.

गोळ्या किमान तीन महिने. गुठळीचे कारण शस्त्रक्रिया हे स्पष्ट आहे आणि ते कारण सरले आहे, त्यामुळे त्यानंतर बहुधा थांबवता येतील. निर्णय तपासणी करूनच घ्यावा. मात्रेकडे मात्र फार लक्ष द्या. रिव्हारोक्साबान असेल तर पहिले २१ दिवस १५ मिलिग्रॅम दोनदा आणि नंतर २० मिलिग्रॅम एकदा. अपिक्साबान असेल तर पहिले ७ दिवस १० मिलिग्रॅम दोनदा आणि नंतर ५ मिलिग्रॅम दोनदा. दुकानातून जुन्याच ताकदीची पट्टी पुन्हा आणली जाणे ही नेहमीची गफलत आहे, म्हणून बदलाची तारीख स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवा. रिव्हारोक्साबानच्या या मात्रा जेवणाबरोबरच घ्यायच्या असतात, पोट रिकामे असेल तर औषध नीट शोषले जात नाही. एकादशीला आई निर्जळी करत असतील तर तेवढे महिने ते सोडावे. साबुदाण्याची खिचडी किंवा भगर पोटभर खाऊन गोळी घेतली तरी चालेल. खुबा दुखतो म्हणून डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या आपल्या मनाने देऊ नका, त्यांनी पोटात रक्तस्राव होऊ शकतो, पॅरासिटामॉल चालते.

राहिला मुंजीचा प्रश्न. पुढच्या महिन्यात रात्रीच्या बसने इंदूर ते पुणे हा बारा तासांहून अधिक वेळ पाय दुमडून बसण्याचा प्रवास मी आईंना करू देणार नाही. गोळ्या चालू असताना गुठळीचा धोका बराच कमी असतो हे खरे, पण खुबाही ताजा आहे आणि रात्रीच्या बसमध्ये हवे तेव्हा उतरून चालता येत नाही. चालताना दम लागत नसेल, ऑक्सिजन नेहमीसारखा असेल आणि अस्थितज्ज्ञांची हरकत नसेल, तर विमानाने किंवा मोटारीने नेता येईल. मोटारीने जायचे तर सकाळी निघावे, दर दीड-दोन तासांनी गाडी थांबवून आईंना वॉकरने थोडे चालवावे, पाणी कमी पिऊ देऊ नये आणि धुळ्याला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी पुढे जावे. गोळ्यांची पट्टी आणि डिस्चार्जचा कागद डिकीतल्या बॅगेत न ठेवता आईंच्याच पर्समध्ये ठेवा, आणि त्या कागदावर शेवटची गोळी किती वाजता घेतली तेही लिहीत चला.